जत्रा पिकावर भरते

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या खालावत चाललेल्या गावांना कला महोत्सवांनी पुन्हा उभारी देता येईल, असं सांगणारी मंडळी अलीकडे वाढली आहेत. त्यांचं म्हणणं असं. तरुण मुलं शहराकडे गेली, जुने वाडे पडले, शाळेचा पट घसरला. अशा गावात चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले, गाणारे-वाजवणारे यांना आणायचं, पडक्या वाड्यांत आणि मोकळ्या रानांत त्यांच्या कलाकृती मांडायच्या, गावकऱ्यांना त्यात ओढायचं. पुण्याहून माणसं दोन तासांत येतील, राहतील, जेवतील, चार पैसे खर्च करतील. गावाला उत्पन्न मिळेल आणि त्याहून मोठं म्हणजे आत्मविश्वास मिळेल. दाखला जपानचा दिला जातो. असं सांगणारी बहुतेक माणसं भली आहेत, गावाबद्दल त्यांना खरी कळकळ आहे. म्हणून त्यांना उडवून लावण्यात अर्थ नाही, उत्तर मात्र दिलंच पाहिजे.

माझ्या मते त्यांनी क्रम उलटा लावला आहे. आमच्या भागात उत्सव पिकावर उभा राहतो. पीक उत्सवावर उभं राहिल्याचं इथे कुणी पाहिलेलं नाही. ज्या गावाचं पीक, पाणी आणि कारखाना शाबूत आहे, त्या गावाला उत्सव बाहेरून आणून द्यावा लागत नाही. आणि ज्याचं हे सगळं मोडलं आहे, त्याला बाहेरून आणलेला उत्सव दोन-तीन दिवस उजेड देतो आणि निघून जातो.

पहिली चूक गावांच्या वर्णनातच आहे. शिरूर-दौंड म्हणजे सरसकट ओस पडलेला मुलूख नव्हे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांच्या वर होती. सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, रांजणगाव इथे कारखान्यांमुळे परप्रांतातून आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसांना राहायला खोल्या पुरत नाहीत. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत, दौंडला रेल्वेचं जंक्शन आहे. भीमेच्या आणि कालव्याच्या काठाला ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत. त्याच शिरूर तालुक्यात पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या पट्ट्यातली गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी अर्ज-विनंत्या करत आहेत, कळमोडी धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसली आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. एका तालुक्यात एकीकडे जागा पुरत नाही आणि दुसरीकडे माणूस टिकत नाही. हा फरक कलेच्या असण्या-नसण्यानं पडलेला नाही. तो कालवा कुठून गेला, एमआयडीसी कुठे आली आणि कारखाना कुणी कसा चालवला, यानं पडला आहे.

न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना गेल्या काही हंगामांत बंद पडला. पाटसचा भीमा कारखाना बरीच वर्षं अडचणीत राहिला, काही हंगाम बंद राहिला आणि शेवटी २०२२ मध्ये भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. सहकारी कारखाना बंद पडतो म्हणजे काय होतं, हे ज्यांच्या घरात उसाचं बिल येतं त्यांना विचारावं. ऊस दूरच्या कारखान्याला जातो, तोडीची टोळी वेळेवर येत नाही, कामगारांचे पगार थकतात, किराणा दुकानदाराची वही लांबत जाते. आणि मग चैत्रात यात्रा कमिटी वर्गणीला दारात येते, तेव्हा घरातला माणूस म्हणतो, या वर्षी निम्मे घ्या.

ही यात्रा कमिटी म्हणजे काय, हे महोत्सववाल्यांनी जवळून पाहायला हवं, कारण ते ज्याला सामुदायिक कला महोत्सव म्हणतात तो इथे गावोगाव दरवर्षी भरतो. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा घरात आला, खळी मोकळी झाली की देवळाच्या पारावर बैठक बसते. घरटी वर्गणी किती, नोकरदारांची किती, बागायतदारांची किती, पुण्या-मुंबईला असणाऱ्यांकडून कुणी गोळा करायची, यावर दोन-दोन तास खल होतो. कुणाच्या घरी यंदा लग्न झालंय, कुणाच्या घरी माणूस गेलंय, हे पाहून आकडा कमी-जास्त होतो. हल्ली निम्मे पैसे मोबाइलवरून येतात, तरी देणाऱ्याचं नाव आणि रक्कम स्पीकरवरून पुकारल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. मग देवाला अभिषेक, मांडव डहाळ्यांची मिरवणूक, शेरणी, रात्री पालखीचा छबिना, शोभेचं दारूकाम, त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी, दुपारी बैलगाडे नाहीतर कुस्त्यांचा आखाडा. आखाड्यात पहिल्या कुस्त्या पोरांच्या, रेवड्यांवर लागलेल्या. कवठे येमाईला येमाई आहे, कान्हूर मेसाईला मेसाई आहे, दौंड तालुक्यातल्या कुसेगावला भानोबाच्या यात्रेत देव-दानवांचं युद्ध होतं आणि सगळं गाव त्यात उतरतं. याहून जास्त सामुदायिक कला कोणता महोत्सव देणार आहे?

आणि हे सगळं सरकारी अनुदानावर चालत नाही. गावानं आपल्या खिशातून आपल्यासाठी उभं केलेलं असतं. म्हणूनच गावाच्या आर्थिक प्रकृतीचं इतकं खरं मोजमाप दुसरीकडे मिळत नाही. पीक चांगलं असेल त्या वर्षी मोठा फड येतो. दुष्काळाच्या वर्षी छोटा येतो, किंवा भजनावर भागवलं जातं.

तो फड ठरतो कसा, हेही सांगतो. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. ओळीनं तंबू, प्रत्येकावर फडाच्या नावाची पाटी, आत गादी टाकून बसलेला मॅनेजर, त्याच्यापुढे तारखांची वही. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर, पारनेर अशा तालुक्यांतले गावकरी चार-पाच जणांच्या टोळक्यानं येतात, एका राहुटीत चहा घेतात, दुसरीत भाव काढतात. सगळं तारखेवर असतं. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमीला गावोगाव यात्रा असतात, त्या तारखांना सुपारी सगळ्यात चढी. आडव्या तारखेला तोच फड खाली येतो. मोठ्या फडाची सुपारी लाख-दोन लाखांपासून पुढे जाते. शहरातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटेल. पण त्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात, त्यांचं जेवण, गाड्यांचं डिझेल, तंबू, लाइट, साउंड, सगळं त्यातूनच. दसऱ्याला फड बाहेर पडण्याआधी मालकानं सावकाराकडून पैसे उचललेले असतात, कारण कलाकारांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर ते कर्ज फिटतं, किंवा फिटत नाही.

२०२० आणि २०२१ ची दोन्ही चैत्रं कोरोनात गेली. यात्रा बंद, राहुट्या पडल्या नाहीत. ढोलकीवाले आणि नाचणाऱ्या बाया शेतमजुरीला गेल्या. तेव्हा या कलेचं अर्थशास्त्र उघडं पडलं. ती कोणत्याही महोत्सवावर जगत नव्हती, गावच्या सुगीवर जगत होती. सुगी आणि यात्रा यांतला धागा तुटला त्या दिवशी ती उपाशी राहिली.

कला या मातीला नवीन नाही, हे कवठे येमाईचं नाव घेऊन सांगता येतं. शिरूर तालुक्यातलं हे गाव. तमाशात गंगारामबुवा कवठेकरांचं नाव आदरानं घेतलं जातं, ते इथले. बशीर मोमीन कवठेकर इथलेच. आयुष्यभर त्यांनी फडांना वगनाट्यं, गण, गौळणी, लावण्या, फार्स लिहून दिले. फडांच्या ज्येष्ठ कलावंतांनी त्यांचे शब्द राज्यभर नेले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. एका खेड्यात बसून, मुसलमान घरात जन्मलेला एक माणूस गवळणी आणि गण लिहितो आणि गावोगावच्या जत्रांत त्या गायल्या जातात, हे कुठल्या योजनेतून घडलेलं नाही. या गावांत कलेची बीजं पेरायला आम्ही येतो, असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यासाठी. इथे पेरलेलं उगवलं होतं, वाढलं होतं. ज्यानं ते राखलं त्याला राखणीची मजुरी मिळाली नाही, ही तक्रार आहे.

विठाबाईंचंच बघा. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई शेवटची वर्षं हलाखीत काढून २००२ मध्ये गेली. सन्मानात काही कमी नव्हतं. तिच्या नावानं पुढे पुरस्कारही सुरू झाला. पण सन्मान औषधाचं बिल भरत नाही.

महोत्सव म्हणजे प्रेक्षक, प्रेक्षक म्हणजे पैसा, पैसा म्हणजे गावाचा उद्धार, ही साखळी तपासून बघायची असेल तर दौंड तालुक्यात त्यासाठी एक जागा तयार आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर केडगावजवळचं चौफुला. संगीत बारीची थिएटरं इथे कित्येक वर्षांपासून आहेत. शहरातला आणि आसपासच्या बागायती पट्ट्यातला पैसा कलेपायी एका खेड्याच्या चौकात नित्यनेमानं यावा, हे महोत्सववाल्यांचं स्वप्न आहे ना? चौफुल्यात ते खरं होऊन जुनं झालं आहे. तिथे पार्ट्या येतात, पेटी-ढोलकी लागते, तिकिटावर स्टेजचा कार्यक्रम होतो, आत बैठकी होतात. अस्सल अदाकारी करणाऱ्या, पारंपरिक लावणीच्या चाली पाठ असणाऱ्या बाया तिथे घडल्या. पण त्यातल्या किती जणी थिएटरच्या मालकीण झाल्या? पैसा आला तो कमाईत मालकाचा हिस्सा, पार्टीची उचल, वाजंत्र्यांचा वाटा असा वाटला गेला आणि जिच्या पायावर सगळं उभं, तिच्या हातात वय सरल्यावर काय उरलं, हे त्या बायांना माहीत आहे. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ मध्ये आलं, तेव्हा मराठी वाचक हादरला होता. हादरून पुढे फारसं काही केलं नाही. मी थिएटरं बंद करा म्हणत नाही, त्यानं त्याच बायांची चूल विझेल. माझा मुद्दा इतकाच आहे की प्रेक्षक आले म्हणजे कलावंत आणि गाव वर येतात, हे आपोआप होत नाही. पैशाची वाट कुणाच्या हातात आहे, यावर ते ठरतं. नव्या महोत्सवात ती वाट कुणाच्या हातात असणार? क्युरेटर, इव्हेंटवाले, मांडववाले, जाहिरात करणारे, सगळे शहरातले. गावाच्या वाट्याला पार्किंग सांभाळणं आणि भाकऱ्या थापणं.

आता जपान. इचिगो-त्सुमारी हा निगाता प्रांतातला बर्फाळ, डोंगराळ भाग. भातशेतीच्या पायऱ्या, म्हातारी माणसं, बंद पडलेल्या शाळा. फ्राम कितागावा यांनी तिथे २००० मध्ये त्रैवार्षिक कला महोत्सव सुरू केला आणि सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या रानावनात जगभरातल्या कलावंतांची कामं उभी केली. काम मोठं आहे, चिकाटीचं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपल्याकडे ते सांगताना अर्धंच सांगितलं जातं. तोकामाची आणि त्सुनान इथली लोकसंख्या महोत्सवानंतरही घटतच राहिली. म्हाताऱ्यांच्या आयुष्यात चार आनंदाचे दिवस आले, बाहेरच्यांशी नाती जुळली, ही त्याची खरी कमाई. ती कमी नाही, पण तिला ग्रामीण पुनरुज्जीवन म्हणता येत नाही.

सेतोउची समुद्रातल्या बेटांचा दाखला जास्त भक्कम आहे आणि तो मी टाळणार नाही. २०१० पासून तिथे त्रैवार्षिक महोत्सव भरतो. ओगिजिमा नावाच्या छोट्या बेटावर मुलं नाहीत म्हणून शाळा बंद झाली होती. २०१३ च्या महोत्सवानंतर काही कुटुंबं परत आली आणि २०१४ मध्ये शाळा पुन्हा उघडली. ही खरी गोष्ट आहे, सुंदर गोष्ट आहे. पण परत आलेल्या त्या कुटुंबांना बेटावर प्यायला पाणी होतं, वीज होती, शहरात जायला रोजची होडी होती, आणि एवढ्याशा पोरांसाठी शाळा उघडायला तयार असलेली पालिका होती. कलेनं त्यांना वाट दाखवली. पाय ठेवायला जमीन आधीपासून होती. आमच्याकडे कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळायचा विचार पुन्हा पुन्हा वर येतो. जी व्यवस्था दहा पोरांसाठी शाळा चालू ठेवायला खळखळ करते, तिनं ओगिजिमाचं नाव घेऊ नये.

त्याच समुद्रातल्या तेशिमा बेटाची गोष्ट मला शिरूर-दौंडला जास्त लागू वाटते. तिथल्या संग्रहालयाची छायाचित्रं सगळे दाखवतात. त्याआधीची पंचवीसेक वर्षं कुणी सांगत नाही. त्या बेटावर कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला जात होता. बेटावरची माणसं आंदोलनं करत, अर्ज करत, कज्जे लढत राहिली. २००० मध्ये तडजोड झाली, प्रांताच्या राज्यपालांनी गावकऱ्यांची माफी मागितली, कचरा उचलायचं काम सुरू झालं आणि ते २०१७ पर्यंत चाललं. संग्रहालय आलं २०१० मध्ये. म्हणजे आधी माफी, मग सफाईला सुरुवात आणि त्यानंतर कला.

आपल्याकडे काय आहे? पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. संगमाच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. उन्हाळ्यात तिथे नदी जलपर्णीनं हिरवीगार झाकलेली असते आणि डास गावात येतात. बेबी कालव्यातून शेतीला येणारं पाणी म्हणजेही पुण्याचं वापरलेलं पाणी. कुरकुंभच्या आसपासच्या गावांच्या विहिरींबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. खडकवासल्याच्या आवर्तनात पुण्याची तहान आधी धरली जाते आणि शेतकऱ्याचं पाणी मागे सरकतं. ज्या शहरानं या गावांचं चांगलं पाणी घेतलं आणि खराब पाणी परत केलं, त्या शहरातून कला घेऊन येणाऱ्यांनी आधी या देण्याघेण्याबद्दल बोललं पाहिजे. भीमेकाठी नदीवर मांडणशिल्प उभं करायला माझी हरकत नाही. पण नदी कशी बिघडली आणि कुणी बिघडवली, हे त्यात नाव घेऊन आलं नाही, तर ते शिल्प गावाच्या बाजूचं नाही.

महाराष्ट्रातच उत्सव यशस्वी झालेले नाहीत का? झाले आहेत. अकलूजला १९९३ पासून राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरू लागली. तिनं लावणीला कुटुंबासह बसून पाहणारा प्रेक्षक मिळवून दिला, संगीत बारीतल्या कलावतींना मानानं स्टेजवर उभं केलं. हे उपकार मोठे आहेत. पण अकलूजच्या मागे काय होतं? तिथली सहकारी साखर कारखानदारी, बँका, शिक्षणसंस्था, पिकणारा शिवार. अकलूज समृद्ध होतं म्हणून स्पर्धा भरली आणि टिकली. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. फार छान कल्पना. पण भिलारला स्ट्रॉबेरी पिकते, पर्यटक तिथे आधीपासून येतात. आपल्या यादीतली कोणतीही यशस्वी जागा घ्या, तिच्या पायाखाली पाणी, पीक किंवा बाजार आधीच सापडतो.

या क्रमाचा सगळ्यात जुना पुरावा शिरूर तालुक्यातच जमिनीखाली सापडला आहे. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शेतकऱ्यांची भरलेली वस्ती होती. चौकोनी, ऐसपैस घरं, धान्याची कोठारं, शेताला पाणी नेणारा पाट, आणि रंगवलेली, नक्षी काढलेली देखणी मडकी. पुढे हवा कोरडी होत गेली, असं उत्खनन करणाऱ्या संशोधकांनी मांडलं. शेती खालावली, लोक शिकारीवर आणि गुरांवर जास्त जगू लागले, मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मडक्यांची घडण ओबडधोबड झाली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला वस्ती उठली. मडक्यावरची नक्षी कमी झाली म्हणून पाऊस गेला नव्हता.

महोत्सवानं तरुणांना गावाचा अभिमान वाटेल आणि ते परत येतील, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण यात्रेच्या दिवशी गावात येऊन बघा. चाकणला, पिंपरीला, मुंबईला कामाला असलेला प्रत्येक पोरगा आलेला असतो. सुट्टी नाही मिळाली तर दांडी मारून येतो. पालखीला खांदा देतो, गाड्यापुढे घोडी पळवतो, गुलालानं माखतो. त्याला गावाचा अभिमान शिकवण्याची गरज नाही. दोन दिवसांनी तो परत जातो, कारण तिसऱ्या दिवशी त्याला गावात काम नाही. यायला त्याच्याकडे कारणं भरपूर आहेत, त्याला हवं आहे ते राहायला कारण.

यवतचं उदाहरण द्यायलाच हवं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून दौंड तालुक्यातल्या यवतला मुक्कामाला येते. त्या रात्री पिठलं-भाकरीचं जेवण. काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं, भाकऱ्या मात्र गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या घराघरांत थापल्या जातात आणि टोपल्यांनी देवळात येतात. हजारो माणसं जेवून उठतात. भजन, भारूड, टाळ-मृदंग रात्रभर चालतात. दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडकडे निघते, पुढे पाटस, रोटीचा घाट. शेकडो वर्षांची ही वाट, लाखो माणसांची ये-जा. जगातला कोणता कला महोत्सव एवढी माणसं आणतो? आणि तरीही यवतच्या शेतकऱ्याच्या कांद्याला भाव मिळाला की नाही, हे वारीवर ठरलं नाही. वारीनंही तसा दावा कधी केला नाही. तिनं गावाकडे भक्ती आणि भाकरी मागितली आणि आनंद दिला. कलेकडून, उत्सवाकडून तेवढंच मागावं. गरिबी हटवायचं ओझं तिच्या डोक्यावर टाकलं की ती ते काम करू शकत नाही आणि स्वतःचं कामही विसरते.

बैलगाडा शर्यतीनं तर हा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. बंदीच्या वर्षांत यात्रा फिक्या झाल्या हे खरं. पुन्हा घाट भरू लागले तेव्हा रसवंतीवाले, खेळणीवाले, भेळवाले खूश झाले, खिलार बैलांच्या किमती लाखांत गेल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण कान्हूर-पाबळकडचा टँकर त्यानं थांबला नाही आणि न्हावऱ्याच्या कारखान्याचं धुराडं पेटलं नाही.

मी यात्रेची आरती करतोय असं कुणी समजू नये. आजच्या यात्रांत पुष्कळ बिघडलं आहे. देवळापेक्षा पुढाऱ्यांच्या फ्लेक्सची उंची जास्त असते. वर्गणीतला मोठा भाग डीजेला आणि रेकॉर्डवरच्या नाचाला जातो आणि वगाचा तमाशा मागे पडतो. ज्या मांग, महार, कोल्हाटी घरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या वाहिली, त्यांच्या बायांना स्टेजवर शिट्ट्या आणि स्टेजखाली हेटाळणी मिळते. हे गावाचं पाप आहे आणि ते गावानंच धुतलं पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून शेजारी दुसरा मांडव घालणं म्हणजे जुन्याला मरायला मोकळं सोडणं.

कलेसाठी खरंच काही करायचं असेल तर पैशाची आणि वेळेची जागा वेगळी आहे. एक ध्वनीच्या नियमाचं बघा. २००० च्या नियमांनुसार रात्री दहाला स्पीकर बंद. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते आणि ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. त्यातले बहुतेक दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी, वर्षअखेर असे, सगळ्या जिल्ह्याला सारखे. पण जत्रा सारख्या नसतात, प्रत्येक गावची तिथी वेगळी. शहराच्या उत्सवाला सवलत मिळते, गावच्या जत्रेला नाही. छबिना आणि दारूकाम उरकून तमाशा उभा राहायलाच नऊ वाजतात. गण, गौळण, बतावणी होते, रंगबाजी सुरू होते आणि पोलिसांची गाडी येते. वग सादरच होत नाही. ज्या वगासाठी मोमीन कवठेकरांसारख्यांनी आयुष्य घातलं, तो आज बहुतेक गावांत पोरांनी पाहिलेलाच नाही. प्रत्येक गावाला त्याच्या यात्रेची एक रात्र, तिच्या तिथीला, मध्यरात्रीपर्यंत मिळावी, एवढी दुरुस्ती पदरात पाडून घेण्यासाठी पुण्यातले कलाप्रेमी वकील गाठतील का? एक रुपया न खर्चता तमाशाला जे मिळेल, ते कुठलाही महोत्सव देऊ शकणार नाही.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचंही तसंच. जिल्हास्तरीय कलावंताला महिना २,२५० रुपये मिळायचे, २०२४ मध्ये ते ५,००० झाले. चांगलं झालं. पण जिल्ह्यातून वर्षाला निवडायचे फक्त १००. पुणे जिल्ह्यात तेरा ग्रामीण तालुके, शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरं. शिरूरच्या किंवा दौंडच्या वाट्याला वर्षाला सात-आठ नावं येणार, त्यात भजनी, कीर्तनकार, शाहीर, वाजंत्री, तमाशातले सगळे. हा आकडा वाढवण्यासाठी कुणी धरणं धरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

फडाला हंगामाआधी लागणारी उचल सावकाराऐवजी बँकेतून, पीककर्जासारख्या व्याजानं मिळाली, तर फडमालक आणि कलाकार दोघांच्याही मानेवरचं जू हलकं होईल. फडाबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या मुलांची शाळा सुटते, त्यांच्यासाठी नारायणगावात आणि चौफुल्यात वसतिगृहं हवीत. वर्गणी आटलेल्या कोरडवाहू गावाला एखाद्या वर्षी सुपारीतला निम्मा वाटा कुणी बाहेरच्यानं घातला तर तीही मदतच आहे, फक्त पाटीवर त्याचं नाव नको आणि कार्यक्रम कमिटीनं ठरवलेला हवा.

आणि कलावंतांना गावाच्या उभारणीत हात लावायचाच असेल, तर रब्बीच्या आवर्तनाआधी पाबळ-केंदूरकडच्या शेतकऱ्यांची पाण्यासाठी जी बैठक भरते, तिथे येऊन बसावं. घोडगंगेच्या सभासदांची सभा होते, तिथे मागच्या रांगेत उभं राहावं. पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्यानं माणसं मारली, लेकरं मारली, आणि शेतीला दिवसा वीज द्या अशी मागणी पुन्हा उठली, त्या मोर्च्यात डफ घेऊन यावं. आमच्या शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तेच केलं होतं, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख गावोगाव हिंडले होते. तशा कलावंताला गाव पंक्तीत पहिलं पान वाढेल आणि चैत्रात यात्रेचं आवतण स्वतः घेऊन पुण्याला जाईल.